हिरव्या भिंतीचं मैदान

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



१९१२ सालचा एप्रिल महिना. १५ तारखेच्या पहाटे 'टायटॅनिक' बुडाली आणि अमेरिकेतली वर्तमानपत्रं त्या एकाच बातमीनं भरून गेली. त्याच आठवड्यात, २० एप्रिलला, बॉस्टन शहरात बेसबॉलच्या एका नव्याकोऱ्या मैदानावर पहिला अधिकृत सामना झाला. आधीचे दोन दिवस पावसात वाया गेले होते. शहराचे महापौर जॉन फिट्झगेराल्ड यांनी पहिला चेंडू टाकला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांचे हे आजोबा, आईचे वडील. यजमान रेड सॉक्स संघानं न्यूयॉर्कच्या संघाला अकरा इनिंगांपर्यंत ताणलेल्या सामन्यात ७-६ असं हरवलं. पण जहाजाच्या बातम्यांपुढे मैदानाचं कौतुक करायला कोणाला सवड असणार?

त्या मैदानाचं नाव फेनवे पार्क. ते आजही त्याच जागी आहे आणि तिथं आजही रेड सॉक्स खेळतात. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत वापरात असलेलं हे सर्वांत जुनं मैदान. इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या तरुण श्रोत्यांना 'फेनवे' हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण लिव्हरपूल क्लब २०१० पासून ज्या कंपनीच्या मालकीचा आहे, तिच्या नावात हेच मैदान आहे. आपल्याकडची बरीच मुलं शिकायला आणि नोकरीला बॉस्टन परिसरात जातात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गेलेल्या आईवडिलांना एखाद्या संध्याकाळी तिथं नेलं जातं. खेळ कळो न कळो, मंडळी येताना त्या भिंतीसमोरचा एक फोटो घेऊन येतात.

तर आधी त्या भिंतीबद्दल सांगतो.

क्रिकेटमध्ये फलंदाज चारी दिशांना मारू शकतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. बॅट घेऊन उभं राहायच्या जागेपासून काटकोनात दोन रेघा निघतात आणि चेंडू त्या दोन रेघांच्या मधेच जावा लागतो. तो पलीकडच्या कुंपणावरून थेट बाहेर गेला की होम रन, म्हणजे साधारण आपला षटकार. हे कुंपण किती लांब असावं आणि किती उंच असावं, हे मात्र प्रत्येक मैदानाचं वेगळं असतं. नवी मैदानं बांधताना ते वास्तुविशारद ठरवतात. फेनवेत ते रस्त्यांनी ठरवलं. 'फेन' म्हणजे दलदल. शहरानं दलदल भरून काढून वसवलेल्या भागात हा वेडावाकडा भूखंड मिळाला. डाव्या हाताला लॅन्सडाऊन स्ट्रीट इतका जवळ, की तिकडचं अंतर भरतं जेमतेम ३१० फूट. शिवाय पलीकडच्या इमारतींवरून फुकट सामना बघणाऱ्यांची सोय होऊ नये, ही मालकाची काळजी होतीच. म्हणून त्या बाजूला उंच लाकडी भिंत उभारली. १९३४ च्या मोठ्या दुरुस्तीत तिला पत्रा आला. पुढे तिच्यावर साबण, दाढीची पाती, असल्या जाहिराती रंगवलेल्या असत. १९४७ साली त्या पुसून सगळी भिंत हिरवी केली. तिची उंची ३७ फूट २ इंच, म्हणजे तीनमजली घराएवढी. लोक तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात, हिरवा राक्षस.

हा राक्षस नुसता शोभेचा नाही, तो खेळात भाग घेतो. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर सहज झेल ठरला असता असा उंच, आळसावलेला फटका इथं भिंतीवरून टपकन पलीकडे पडतो आणि होम रन होतो. उलट एखाद्यानं सणसणीत, जमिनीला समांतर मारलेला चेंडू, जो अन्यत्र नक्की बाहेर गेला असता, तो इथं भिंतीवर आपटून मैदानात परततो. त्यामुळे डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाला भिंतीचा स्वभाव शिकावा लागतो. पत्र्याच्या कुठल्या भागावर चेंडू जोरात उसळेल, कुठे मेल्यासारखा खाली पडेल, हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात. कार्ल यास्त्रेम्स्की हा खेळाडू १९६१ ते १९८३ अशी तेवीस वर्षं रेड सॉक्सकडून खेळला आणि या भिंतीची नाडी त्याच्याइतकी कोणाला कळली नाही, असं म्हणतात. भिंतीवर एक शिडीसुद्धा आहे. पूर्वी वरच्या जाळीत अडकलेले चेंडू काढायला माणूस चढायचा. २००३ साली जाळी गेली, शिडी तशीच राहिली. चालू सामन्यात चेंडू तिच्यावर आपटून भलतीकडे उडू शकतो. कोणी म्हणेल, काढून टाका की ती शिडी! पण फेनवेत काढून टाकण्याची गोष्ट इतकी सोपी नसते.

भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि तो हातानं चालतो. आत अरुंद जागेत बसलेली माणसं लोखंडी पाट्या बदलतात, चिरांतून सामना बघतात. आत स्वच्छतागृह नाही. उन्हाळ्यात भट्टी होते. आतल्या भिंतींवर अनेक वर्षांच्या खेळाडूंच्या सह्या आहेत. १९७५ च्या अंतिम मालिकेत याच फलकाच्या आत दूरचित्रवाणीचा एक कॅमेरा लावला होता. सहाव्या सामन्यात, मध्यरात्र उलटल्यावर, बाराव्या इनिंगला रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कनं डाव्या रेघेवरून उंच फटका मारला. चेंडू रेघेच्या आत राहणार की बाहेर जाणार हे कळेना, आणि फिस्क धावायचं सोडून दोन्ही हातांनी हवेत चेंडूला आत ढकलतोय! चेंडू भिंतीवरच्या खांबाला लागला आणि सामना जिंकला. फिस्कची ती धडपड कॅमेऱ्यात टिपली गेली, कारण कॅमेरामनच्या जवळ एक उंदीर आला होता आणि त्याला कॅमेरा चेंडूकडे वळवण्याचं धाडस झालं नाही, अशी हकीकत त्यानंच नंतर सांगितली. खरीखोटी उंदराला माहीत. पण आपण आज खेळाडूंचे चेहरे इतक्या जवळून बघतो, त्या पद्धतीला या दृश्यानं मोठा जोर दिला असं जाणकार मानतात. मालिका मात्र रेड सॉक्स पुढच्याच सामन्यात हरले.

हरण्याचा हा विषय निघालाच आहे, तर तो नीट सांगितला पाहिजे. त्याशिवाय या मैदानाची ओढ कळायची नाही.

फेनवे बांधलं त्याच वर्षी रेड सॉक्स विजेते झाले. १९१५, १९१६, १९१८ सालीही जिंकले. त्यांच्याकडे तेव्हा बेब रूथ नावाचा अफाट खेळाडू होता. १९१९ च्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी यांनी तो न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकला. व्यवहाराचा भाग म्हणून यांकीजच्या मालकाकडून मोठं कर्जही घेतलं आणि त्यासाठी तारण काय ठेवलं, तर फेनवे पार्क! म्हणजे हुकमी खेळाडूही गेला आणि मैदानही प्रतिस्पर्ध्याकडे गहाण पडलं. त्यानंतर यांकीज वर्षामागून वर्षं जिंकत राहिले आणि रेड सॉक्स हरत राहिले. १९४६, १९६७, १९७५, १९८६ अशा चार वेळा अंतिम मालिकेत पोहोचले, आणि चारही वेळा सातव्या, शेवटच्या सामन्यात हरले. घास तोंडाशी येऊन सांडावा तसं. एरवी असल्या संघाचे प्रेक्षक पांगतात. इथं आजोबांनी नातवाला त्याच खुर्चीवर आणून बसवलं आणि आपलं दुःख त्याच्या हवाली केलं.

त्याच खुर्चीवर, हे मी शब्दशः म्हणतोय. वरच्या भागातल्या लाकडी खुर्च्यांचं जुनेपण १९३४ पासूनचं. अरुंद, कडक, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकणाऱ्या. उजवीकडच्या कित्येक खुर्च्यांची तोंडं मुख्य खेळाकडे नाहीतच, मैदानाच्या मध्याकडे आहेत, त्यामुळे तीन तास मान वळवून बसायचं. छपराला आधार देणारे लोखंडी खांब नेमके डोळ्यांसमोर येतात. पण उजव्या बाजूला उघड्यावरच्या हिरव्या खुर्च्यांत एकच खुर्ची लाल आहे. ४२ वा विभाग, ३७ वी रांग, २१ क्रमांक. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू ५०२ फुटांवर, तिथं बसलेल्या एका गृहस्थांच्या गवती हॅटवर पडला आणि हॅटला भोक पडलं. मैदानातला सर्वांत लांब फटका म्हणून ती जागा लाल केलेली आहे. त्या खुर्चीशेजारी उभं राहून मैदानाकडे पाहिलं की फलंदाजाची जागा इतकी दूर दिसते, की माणूस आपसूक मान हलवतो. हाच विल्यम्स २८ सप्टेंबर १९६० ला, कारकिर्दीतल्या शेवटच्या खेपेला बॅट घेऊन उतरला आणि त्यानं होम रन मारला. त्या दिवशी जेमतेम दहा हजार प्रेक्षक होते. त्यांतले एक कादंबरीकार जॉन अपडाइक. त्यांनी त्यावर लिहिलेला लेख बेसबॉलवरच्या उत्तम गद्यात गणला जातो.

१९९९ मध्ये असं ठरत आलं होतं, की हे मैदान पाडायचं. तेव्हाच्या मालकांनी शेजारीच नवं, मोठं मैदान बांधण्याचा आराखडा जाहीर केला. खर्च ५० कोटी डॉलरहून अधिक. कारणं खोटी नव्हती. जागा कमी, बांधकाम जुनं, सोयी नाहीत, आणि महागड्या बंदिस्त कक्षांतून मिळणारं उत्पन्न इतर संघांपेक्षा कमी. २००० साली राज्याच्या विधिमंडळानं सार्वजनिक पैशाच्या मदतीला मंजुरीसुद्धा दिली. गंमत अशी, की नव्या मैदानातही तेवढ्याच उंचीची हिरवी भिंत बांधायची होती. म्हणजे खरी भिंत टाकून देऊन शेजारी तिची नक्कल! नागरिकांनी 'सेव्ह फेनवे पार्क' नावाचा गट काढला. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती स्वस्तात होईल आणि शहराचा पैसाही वाचेल. त्यांना बरेच दिवस भाबडे म्हणून उडवून लावलं गेलं.

इथं डेट्रॉइटचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवं. फेनवे सुरू झालं त्याच दिवशी, २० एप्रिल १९१२ ला, डेट्रॉइट शहरातही एक बेसबॉल मैदान सुरू झालं होतं. जुळं भावंडच म्हणा ना. पुढे त्याला टायगर स्टेडियम म्हणत. तिथला शेवटचा सामना १९९९ साली झाला, संघ नव्या मैदानात गेला, आणि दहा वर्षं रिकामं पडून राहिल्यावर २००९ मध्ये जुनी इमारत जमीनदोस्त झाली. त्यानंतर काही हौशी मंडळी स्वतःची यंत्रं घेऊन तिथलं गवत कापायला येत. ज्या जागी एवढा इतिहास घडला तिथं निदान झाडझुडूप माजू नये, एवढाच हेतू. २०१८ पासून तिथं मुलांसाठी छोटं मैदान आहे.

बॉस्टनचं तसं झालं नाही याचं श्रेय नागरिकांना आहेच, पण नशिबालाही आहे. विलंब होत गेला, पैशाचं गणित जुळेना, आणि २००२ मध्ये क्लब विकला गेला. सुमारे ७० कोटी डॉलर मोजून आलेल्या जॉन हेन्री यांच्या गटानं जेनेट मेरी स्मिथ या वास्तुविशारद बाईंना बोलावलं. बाल्टिमोरचं १९९२ सालचं मैदान त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं, आणि जुन्या वळणाची नवी मैदानं बांधायची लाट तिथूनच अमेरिकाभर पसरली. म्हणजे इतर शहरं लाखो डॉलर खर्चून फेनवेसारखं दिसायचा प्रयत्न करत होती आणि बॉस्टन अस्सल फेनवे पाडायला निघालं होतं! स्मिथबाईंनी पाडण्याऐवजी भर घातली. २००३ मध्ये त्या हिरव्या भिंतीच्या डोक्यावर खुर्च्या बसवल्या. पुढच्या वर्षी उजव्या बाजूच्या छपरावर बसायची सोय केली. मार्ग रुंद केले, पाण्याचा निचरा सुधारला. दहा वर्षांत सुमारे २८.५ कोटी डॉलर खर्च झाले. २०१२ मध्ये, शंभरीच्या वर्षी, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत मैदानाची नोंद झाली. जतन केल्याबद्दल करसवलतीही मिळाल्या, म्हणजे हा निव्वळ भावनेचा मामला नव्हता, व्यवहार चोख होता. याच मालकांनी पुढे लिव्हरपूलचं ॲनफिल्डसुद्धा सोडून न जाता तिथंच वाढवलं.

या व्यवहाराला दुसरी बाजू आहे. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत क्लबच्या हिशेबानं साखळीतले सलग ७९४ सामने पूर्ण भरले. तिकिटं देशातल्या सर्वांत महागड्या तिकिटांत जाऊन बसली. चार जणांचं कुटुंब घेऊन जायचं तर खिसा चाचपावा लागतो. ज्या आजोबा-नातवंडांनी हरण्याच्या काळात मैदान जिवंत ठेवलं, त्यांनाच आता दाराशी थबकावं लागतं. मैदान वाचलं, पण कोणासाठी, हा प्रश्न बॉस्टनमध्ये विचारला जातो आणि मला तो रास्त वाटतो.

मग आलं २००४. उपांत्य मालिकेत समोर यांकीज, आणि रेड सॉक्स तीन सामने हरलेले. आणखी एक हरले की संपलं. फेनवेवरच्या चौथ्या सामन्यात शेवटच्या इनिंगला ते एका धावेनं मागे होते. तिथून त्यांनी तो सामना मध्यरात्रीनंतर जिंकला, मग पाचवा, मग न्यूयॉर्कला जाऊन सहावा आणि सातवाही. अंतिम मालिका सेंट लुईसमध्ये २७ ऑक्टोबरला संपली. ८६ वर्षांनी विजेतेपद! दुसऱ्या दिवसापासून न्यू इंग्लंडमधल्या दफनभूमींत एक विलक्षण दृश्य दिसू लागलं. लोक आपल्या बापाच्या, आजोबांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या, पताका, वर्तमानपत्रांचे अंक ठेवून येत होते. बातमी सांगायची राहून गेली होती ना.

हे ऐकताना मन भरून येतं, पण याच मैदानाच्या आठवणींत न सांगण्याजोगं ठेवलेलंही पुष्कळ आहे. १६ एप्रिल १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना इथं चाचणीसाठी बोलावलं गेलं. एका नगरसेवकानं आणि वेंडेल स्मिथ या पत्रकारानं दबाव आणला म्हणून. रॉबिन्सननं त्या दिवशी राक्षसाच्या भिंतीवर चेंडू आपटले. नंतर क्लबकडून काहीच कळवलं गेलं नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनकडून खेळला आणि अमेरिकेच्या इतिहासात जाऊन बसला. रेड सॉक्सनं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, घेतला तो १९५९ मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी. त्या काळातले मालक टॉम यॉकी यांचं नाव मैदानाबाहेरच्या रस्त्याला होतं. २०१७ मध्ये बाल्टिमोरच्या ॲडम जोन्स या खेळाडूला प्रेक्षकांतून वंशावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. २०१८ मध्ये क्लबच्याच मागणीवरून त्या रस्त्याचं यॉकी हे नाव काढून जुनं 'जर्सी स्ट्रीट' नाव परत दिलं गेलं. वास्तू जपायची म्हटली की तिच्यातलं असलंही सगळं जपलं जातं. नवं मैदान बांधलं असतं तर हे हिशेब विसरणं सोपं गेलं असतं.

बॉस्टनमध्ये एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते, शहराची मॅरेथॉनही त्याच दिवशी. रेड सॉक्सचा सामना त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे सामना संपवून लोकांना जवळच्या चौकात धावपटूंना टाळ्या द्यायला जाता येतं. २०१३ साली असाच सामना जिंकून लोक बाहेर पडले आणि दुपारी अंतिम रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले. तीन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मैदानाचे दरवाजे पुन्हा उघडले ते शनिवारी, २० एप्रिलला. मैदानाच्या वाढदिवशीच. जखमींना मदत करणारे पोलीस, डॉक्टर, स्वयंसेवक हिरवळीवर उभे होते. डेव्हिड ऑर्टिझ या डॉमिनिकन खेळाडूनं चार वाक्यं बोलून सगळ्या शहराच्या मनातलं सांगितलं. गायक नील डायमंड कोणालाही न कळवता स्वतःच्या खर्चानं आला आणि त्यानं 'स्वीट कॅरोलाइन' गायलं. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला रेड सॉक्स विजेते झाले, आणि तेही फेनवेवर. आपल्या मैदानावर विजेतेपद पाहायची पाळी बॉस्टनकरांवर १९१८ नंतर प्रथमच आली होती.

हे 'स्वीट कॅरोलाइन' इथं प्रत्येक सामन्यात आठव्या इनिंगच्या मध्यावर वाजतं आणि सगळे उभे राहून गातात. त्याचा बेसबॉलशी किंवा बॉस्टनशी काही संबंध नाही, तरीही.

तेव्हा श्रोतेहो, मुलांकडे बॉस्टनला जाणार असाल आणि सामन्याचं तिकीट महाग वाटलं, तर दिवसा मैदान दाखवायची फेरी असते, तासाभराची. तिच्यात भिंतीच्या माथ्यावरही नेतात. सामन्याचंच तिकीट काढलंत, तर जागा खांबाआड नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. एक पातळ स्वेटर बरोबर ठेवा, एप्रिल-मेमध्ये तिथं संध्याकाळी गारठा असतो. आणि आठवी इनिंग होईपर्यंत उठू नका.